दुसऱ्या रांगेतला ओरडणारा स्वार

पॅरिस, १४ मार्च १८०९

अन्सेल्म,

गाढवा, तू जिवंत आहेस तर!

डान्झिगचा तो कातड्याचा व्यापारी काल तुझं पत्र देऊन गेला. ते मी चित्रशाळेतल्या लाकडी घोड्यावर बसून वाचलं. उभं राहवत नव्हतं, आणि खुर्च्यांवर सगळीकडे ओले कॅनव्हास टेकवलेले होते. पहिल्यांदा वाचून रडले. दुसऱ्यांदा वाचून तुला फटकावून काढावंसं वाटलं. आयलाऊच्या लढाईत, बर्फात घोडा अंगावर कोसळला, बेशुद्ध झालास, एका खोगीरवाल्याने उचलून घरी नेलं, हे सगळं ठीक आहे. पण शुद्ध तर आली ना? मग दोन वर्षांत एक ओळ खरडायला काय झालं होतं? मी तुझ्यासाठी काळे कपडे शिवले. ते मला शोभत नाहीत, हे तुला ठाऊक आहे.

आता तुला घरी यायचंय. माळ्यावर लपून राहीन म्हणतोस. थांब. येऊ नकोस, निदान मी सांगेपर्यंत तरी येऊ नकोस. तू मेल्यानंतर इकडे बरंच काही झालंय.

तू गेल्याची बातमी आली त्याच वर्षी बाबांना आयलाऊच्या चढाईचं मोठं चित्र काढायचं सरकारी काम मिळालं. तुला आपली रीत माहीतच आहे. घोडे, बर्फ, धूर आधी होतात आणि पुढच्या दोन रांगांतले चेहरे मोकळे राहतात, उकडलेल्या अंड्यांसारखे. मग रिसाल्याचे अधिकारी येऊन ठरवतात की कुठल्या अंड्यावर कोण. लढाईत पडलेल्यांना पुढची जागा. तू पडलेला, त्यातून चित्रकाराचा मुलगा! तुला दुसऱ्या रांगेत उजवीकडे बसवलं, करड्या घोड्यावर, तलवार उगारून, तोंड वासून ओरडताना. सलोनच्या वार्षिक प्रदर्शनात चित्र लागलं तेव्हा लोक फक्त तुझ्यापुढे गर्दी करत होते. बायका रुमाल काढत होत्या. बाबांच्या छातीवर सन्मानाचा क्रॉस लागला, आणि सरकारने या जुन्या मठातल्या तीन खोल्या राहायला दिल्या. आपलं सगळं घर आज त्या चित्रावर उभं आहे.

तू आलास तर तू पळपुटा ठरशील. पायात लोखंडी गोळा अडकवून तुला रस्ते खोदायला लावतील. आणि बाबांचं काय होईल, ते तूच विचार करून बघ.

बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांचे डोळे जरा दुखतात, एरवी बरे आहेत.

ताई


पॅरिस, २० ऑक्टोबर १८०९

अन्सेल्म,

बाबांना कळलं. मी सांगितलं नाही, त्यांनी हुंगून काढलं. तुझं दुसरं पत्र घेऊन तो व्यापारी आला आणि गेल्यावर वास मागे राहिला.

"कातड्याचा वास येतोय. कोण आलं होतं?"

"खोगीर दुरुस्त करणारा."

"लाकडी घोड्याच्या खोगिराला काय धाड भरली?"

माझ्या हातातला कागद वाजला. बाबा म्हणाले, "वाच."

मी वाचलं. मध्येच त्यांनी विचारलं, "हातपाय?" मी म्हटलं, "सगळे शाबूत आहेत." त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि खांदे हलायला लागले. आईच्या वेळेससुद्धा मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता म्हणतील, त्याला बोलव, खड्ड्यात गेला तो क्रॉस. थोड्या वेळाने नाक पुसून म्हणाले, "त्याला लिही, तिथेच राहा. सुखात राहा म्हणावं. आणि पुन्हा पत्र पाठवू नको म्हणावं."

मी निरोप पोचवला. पण पत्र मात्र पाठवत जा. ते माझ्याकडे येऊ देत.

आता मी तुझ्यापासून लपवलेलं एक सांगते. तू तिकडून कुणाला सांगणार आहेस? बाबांचे डोळे दुखत नाहीत, ते गेलेत. उजव्याला अंधार आहे आणि डाव्याला उजेड कळतो, तेवढंच. आयलाऊचे घोडे अर्ध्यापर्यंत त्यांनी काढले, पुढचं सगळं मी. चित्रं मागवणाऱ्या सरकारी खात्यातल्या माणसांना याचा पत्ता नाही. ते आले की बाबा हातात ब्रश धरून कॅनव्हाससमोर उभे राहतात आणि "जरा मागे व्हा, उजेड अडतोय" असं खेकसतात. मी कोपऱ्यात रंग घोटत बसते, शहाण्या मुलीसारखी.

आणि तुझा चेहराही मीच काढला. तुझं एकही चित्र घरात नव्हतं. आईने काढलेलं ते लहानपणचं तेवढं होतं, त्यात तू भोपळ्यासारखा दिसतोस. मग मी आरसा लावला, केस मागे बांधले आणि तोंड वासून स्वतःलाच बघत बसले. नाक थोडं रुंद केलं, मिशी लावली. सगळं पॅरिस ज्याच्यासाठी रडलं तो मी आहे, अन्सेल्म. कुणाला सांगायची सोय नाही.

आता या उन्हाळ्यात झालेल्या वाग्रामच्या चढाईचं काम आलंय. खात्याने लिहिलंय की आयलाऊमधला तो ओरडणारा तरुण याही चित्रात हवा, कारण लोकांना तो आवडतो. मी बाबांना म्हटलं, "अहो बाबा, तो आयलाऊला मेला ना? मग वाग्रामला कसा जाईल?"

बाबा म्हणाले, "चित्रात गेलेला माणूस कुठेही जातो."

तेव्हा मी पुन्हा आरसा पुसायला घेतलाय.

ताई


पॅरिस, ९ फेब्रुवारी १८११

अन्सेल्म,

काल तुझी पुण्यतिथी झाली. दरवर्षी तुझ्या रिसाल्याचे लोक बाटल्या घेऊन येतात. चित्राची छोटी प्रत भिंतीवर लावलेली असते, तिच्यासमोर ग्लास उंचावतात, तुझ्या शौर्याच्या गोष्टी सांगतात. या वर्षी तू एकट्याने तीन तोफा घेतल्यास. मागच्या वर्षी दोनच होत्या.

मेजवानीला मी कोंबडी रांधली होती. सार्जंट पँशाँ वाढायला मदत करत होता. हा तुझ्यानंतर आलेला, घोडदळात ड्रॅगून होता, डावा हात कोपरापासून गेलेला. लाकडी घोड्यावर बसण्यासाठी बाबांनी त्याला ठेवलाय. बसतो आणि झोपतो. घोरणारा स्वार समोर ठेवून मी शूर स्वार काढते. माणूस चांगला आहे. मला म्हणतो, "ताईसाहेब, सैन्यात होतो तेव्हा घोडा पळायचा, मी घाबरायचो. आता घोडा हलत नाही, मी घाबरत नाही. खरी नोकरी हीच!"

जेवण झाल्यावर एक कप्तान माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मेणबत्ती माझ्या तोंडाजवळ आणली. "काय साम्य आहे हो! जणू तोच. बाई, एकदा तोंड उघडून ओरडून दाखवा ना. चित्रातल्यासारखं."

मी हसण्यावारी नेलं. पण सगळेच मागे लागले. मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, ते म्हणतील, माझ्या मुलीची थट्टा नको. बाबा म्हणाले, "दाखव पोरी. एवढे लांबून आलेत."

मी उभी राहिले आणि तोंड वासलं. आवाज निघाला नाही. त्यांना आवाज नकोच होता. ते टाळ्या वाजवत होते, एक म्हातारा रडत होता, आणि मी तशीच उभी, जबडा दुखेपर्यंत. पँशाँने दिवा विझवला आणि चुकून विझला म्हणून स्वतःच शिव्या खाल्ल्या.

आयलाऊ, वाग्राम, शिवाय मागाहून काढलेली ऑस्टरलिट्झ. तिन्ही चढायांत मी आहे. चौथीची बोलणी चालू आहेत. मला चढाई नकोय, अन्सेल्म. मला टेबलावर ठेवलेलं एक मडकं काढायचंय, त्याच्याशेजारी दोन कांदे, आणि कुणीही कुणावर धावून जाणार नाही. गेल्या महिन्यात तसं एक काढलंही. बाबांनी बोटं फिरवून विचारलं, "हा काय, तोफेचा गोळा?" मी हो म्हटलं आणि त्यावर धूर काढला. धुराचं एक बरं असतं. घोड्याचे पाय जमले नाहीत तरी धूर, मन रमलं नाही तरी धूर.

मी तिशीला टेकले. लग्नाचं म्हणशील तर एक जण विचारून गेला, सेव्हरला चिनी मातीच्या ताटल्या रंगवणारा. बाबांनी त्याला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, "मुलगी देतो, पण घोडे कोण काढणार?" तो चांगला माणूस होता, त्याला घोडे काढता येत नव्हते. पुन्हा आला नाही.

तू तिकडे खोगिरं शिवतोस, संध्याकाळी समुद्रावर मासे धरतोस म्हणे. मला तुझा हेवा वाटतो, असं लिहिलं तर तुला राग येईल. लिहिते आहे.

ताई


पॅरिस, ६ जानेवारी १८१३

अन्सेल्म,

आपलं सैन्य रशियातून परतताना तुझ्या गावावरून गेलं असं ऐकते. जे उरलं होतं ते. तू सुखरूप आहेस का, एवढंच कळव. बाजारात बायका एकमेकींना काही विचारत नाहीत, फक्त हात बघतात, काळे हातमोजे घातलेत का ते.

आमच्याकडे काम थांबलेलं नाही. मॉस्क्वा नदीवरच्या चढाईचं चित्र मागवलंय, उन्हाळ्यापर्यंत हवंय. चेहऱ्यांची अंडी या वेळी पन्नासच्या वर आहेत. कुणाला कुठे बसवायचं ते ठरवायला एकही अधिकारी येत नाही. मी काढते आणि पुसते.

बाबा सारखे विचारतात, "दार लावलंस का?" लावलेलंच असतं.

ताई


पॅरिस, १७ मे १८१४

माझ्या लाडक्या अन्सेल्म,

आता ये!

सम्राट गेला, राजा आला. रस्त्यावर पांढरे झेंडे आहेत आणि कालपर्यंत ज्यांनी गरुड मिरवले ते आज लिलीची फुलं मिरवतात. मला तर त्यातून कामही मिळालं. सगळ्या चित्रांतल्या झेंड्यांवरचे गरुड पुसून तिथे फुलं काढायची. शिडीवर चढून दिवसभर कोंबड्या सोलल्यासारखं तेच करते. पण मुद्द्याचं असं की पळपुट्यांना आता कुणी विचारत नाही. उलट आपण त्या राक्षसासाठी लढायला नकार दिला असं सांगत जो तो छाती काढून फिरतोय. तुझ्या पायात गोळा पडणार नाही. बाबांचा क्रॉस आता तसाही पेटीत आहे.

तू लिहितोस की आता तुला यायची तेवढी ओढ राहिली नाही. म्हातारा खोगीरवाला गेल्यावर दुकान तुझ्या नावावर झालं, गिऱ्हाईक आहे, प्रशियन बोली जिभेवर बसली. मला कळतं. पण तुझ्या पहिल्या पत्रात तू काय लिहिलं होतंस ते मला अजून पाठ आहे. घराच्या जिन्याचा वास येतो स्वप्नात, असं लिहिलं होतंस. जिना आता वेगळा आहे, पण बाबा तेच आहेत. ते थकलेत. रात्री तुझं नाव घेतात. एक महिना ये, त्यांना भेट, मग जा हवं तर. दुकान महिनाभर बंद राहिलं तर प्रशियाचे घोडे उपाशी मरणार नाहीत.

आम्ही सगळे वाट बघतो. मी तुझ्यासाठी खिडकीजवळची खोली झाडून ठेवलीय.

तुझी ताई


पॅरिस, २ सप्टेंबर १८१४

अन्सेल्म,

निघतोस म्हणून कळवलंस, मी नाचले. खरंच नाचले, पँशाँला विचार.

तू विचारतोस, बाबांचा राग असेल का? मुळीच नाही. मी त्यांना सांगितलं, तेव्हा म्हणाले, "त्याची दाढी वाढली असेल, करून यायला सांग." हा राग आहे का, तूच सांग.

तू असंही विचारतोस की कामात तुझी काही मदत होईल का, कारण तुला रेघसुद्धा सरळ ओढता येत नाही. काही गरज नाही. काम फारसं नाहीच. वीस वर्षं लंडनमध्ये काढून परत आलेला एक ड्यूक आहे, ज्याने आयुष्यात चढाई पाहिली नाही. त्याला स्वतःचं चढाईतलं चित्र हवंय. आणि मागे तो ओरडणारा पोरगा पाहिजेच म्हणतो. त्याला मी सांभाळते. तू फक्त ये, बाबांच्या शेजारी बस, त्यांना सूप भरव, गप्पा मार. त्यांना आवाज लागतो.

मी इथेच आहे. मी कुठे जाणार?

तुझी ताई


तूर्ने, ११ डिसेंबर १८१४

अन्सेल्म,

तुझी दोन्ही पत्रं पोचली; पत्ता मी फक्त पँशाँला कळवला होता. पहिल्यात तू काळजी केलीयस, दुसऱ्यात शिव्या दिल्यायस. दुसरं मला जास्त आवडलं. त्यात तू खरा वाटतोस.

नदीत मी पडलेले नाही, मला कुणी पळवलेलंही नाही. इथे चिनी मातीच्या कारखान्यात ताटल्या रंगवते. निळी फुलं, फुलपाखरं, कधी एखादा पोपट. शेजारी पाच बायका बसतात, दिवसभर नवऱ्यांची उणीदुणी काढतात. मला नवरा नाही म्हणून मी ऐकते. खोली लहान आहे, खिडकीतून एका डुकराचा गोठा दिसतो. ते डुक्कर दिवसभर पडून असतं. त्याला मी तीन वेळा काढलं.

तू विचारलंस, हे कधी ठरवलं? एप्रिलमध्ये. मे महिन्यात तुला "आता ये" असं लिहिलं तेव्हा कारखान्याचं उत्तर माझ्या खिशात होतं. सप्टेंबरमध्ये "मी कुठे जाणार" असं लिहिलं तेव्हा मी बांधाबांध करून बसले होते. बाबांनी मात्र खरंच दाढीचं विचारलं होतं, ते खोटं नाही. रात्री ते तुझं नाव घेत, हेही खोटं नाही. माझं नाव ते दिवसा घेत, रंग हवा असला की.

तरी तू आलास त्या दिवशी मी निघणार नव्हते. म्हटलं, आठ दिवस थांबू, भावाचं तोंड बघू. तू दारात उभा राहिलास, जाडा, अर्धे दात गेलेला, आणि मला इतकं बरं वाटलं की मी बेत रद्द करायला निघाले होते. मग बाबांनी तुला जवळ बोलावलं. तुझ्या कपाळावरून, नाकावरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "तोंड उघड." तुला काही कळलं नाही, तू उघडलंस. त्यांनी जबडा चाचपला आणि चेहऱ्यावर असा उजेड आला, अन्सेल्म! "हाच," म्हणाले. "हाच माझा मुलगा." मग तुझी बाही घट्ट धरून बसले. तू माझ्याकडे बघून हसलास. मी हसले नाही, कारण ती पकड मला माहीत होती. इतकी वर्षं ती माझ्या बाहीवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, जवसाचं तेल आणते. तू म्हणालास, मी आणतो, तू बस. किती सालस आहेस तू! मी म्हटलं, नको, तुला दुकान सापडायचं नाही. जिन्यात पँशाँ भेटला. त्याने माझ्या हातातली पेटी पाहिली आणि बाजूला झाला. "तेल लांब मिळतं हल्ली," एवढंच म्हणाला. गाडीत रडेन असं वाटलं होतं. पहिल्या मुक्कामाला मी तीन अंड्यांचं ऑम्लेट खाल्लं आणि मेल्यासारखी झोपले.

तुला मी फसवलं. हे गोड करून सांगत नाही. तुझं दुकान बंद आहे, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं असेल, आणि बाबा तुला जिन्यापर्यंतही जाऊ देत नाहीत असं लिहितोस. रोज सकाळी तोंड उघडायला सांगतात, खात्री करून घेतात. मला वाईट वाटतं. संध्याकाळी, काम सुटल्यावर, फार वाईट वाटतं. पण सकाळी उठल्यावर वाटत नाही, आणि मी परत येणार नाही.

तुला जायचं तर जा. दाराला कुलूप नाही, कधीच नव्हतं. मी तुला दोष देणार नाही, तो अधिकार मला नाही. राहिलास तर एवढं कर, ड्यूकचं काम परत कर, लाकडी घोडा विकून टाक आणि खिडकीजवळच्या खोलीत खोगिराचं दुकान मांड. पँशाँ एका हाताने धागा ओढेल. बाबा कुरकुर करतील, मग त्यांना सवय होईल. माझ्या पगारातून मी दर महिन्याला पाठवत जाईन.

आणि तू लिहितोस की ते रोज विचारतात, तेल आणायला गेलेली युलाली कुठे आहे, आणि काय सांगावं ते तुला सुचत नाही. सांग की युलाली गेली. कुठे म्हणाले तर सांग, चढाईत. दुसऱ्या रांगेत होती, ओरडत होती, पडली. ते रडतील, आणि मग मानतील. त्यांना तसं मानायला येतं.

तू सात वर्षं मेलेला राहिलास, भावा. आता माझी पाळी.

तुझी ताई
युलाली